पन्नासचा काटा

५ एप्रिल २०२० च्या रात्री देशभरचे लोक पणत्या, मेणबत्त्या आणि मोबाइलचे टॉर्च घेऊन गॅलरीत उभे होते. त्याच वेळी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर आणि शिलाँगच्या भारप्रेषण केंद्रांत काही माणसं भिंतीवरच्या एका आकड्यावर डोळे लावून बसली होती. नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करा, असं आवाहन पंतप्रधानांनी दोनच दिवस आधी केलं होतं. वीजक्षेत्रातल्या मंडळींनी घाईघाईने हिशेब मांडला आणि मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज काढला. पंखे, फ्रिज चालू राहू द्या, रस्त्यावरचे दिवे घालवू नका, अशा सूचना निघाल्या. प्रत्यक्षात पावणेनऊ ते नऊ-दहा या पंचवीस मिनिटांत ३१,०८९ मेगावॉट मागणी गळाली. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. तशी साडेदहा केंद्रं अचानक नकोशी झाली म्हणायची, आणि पुढच्या तासाभरात त्यातली बहुतेक पुन्हा हवीशी.

तरी कुठे अंधार झाला नाही. भिंतीवरचा आकडा ४९.७० ते ५०.२६ च्या मध्ये हेलकावे खाऊन जागेवर आला. हे जमवलं मुख्यतः पाण्याच्या केंद्रांनी. आधी त्यांची निर्मिती मुद्दाम चढवून ठेवली होती. पावणेनऊला देशातलं जलविद्युत २५,५५९ मेगावॉट होतं, ते नऊ-दहापर्यंत ८,०१६ वर उतरवलं. कोळशाच्या बॉयलरला असं दाबून बसवता येत नाही. आग विझवायला वेळ लागतो आणि पुन्हा पेटवायला त्याहून जास्त. पाण्याच्या टर्बाइनचं तसं नाही. झडपा आवळल्या की काही मिनिटांत काम होतं.

त्या रात्रीचं कौतुक बरंच झालं आणि ते योग्यच होतं. पण वीज-अभियांत्रिकीत सध्या ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकं चाललं आहे, तो कौतुकाच्या गडबडीत मागेच राहिला. झडपा आवळायला जी मिनिटं मिळाली, ती दिली कुणी? मागणी उतरली त्या क्षणापासून माणूस आणि यंत्रणा हलेपर्यंत काटा पन्नासच्या आसपास धरून कुणी ठेवला?

●

घरात मल्टिमीटर असेल आणि त्यावर हर्ट्झची, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी मोजायची, खूण असेल तर तो सॉकेटात लावून बघा. ४९.९७, ५०.०२, ४९.९९ असा आकडा सारखा हलताना दिसेल. याच क्षणी जम्मूत, कोचीत आणि गुवाहाटीत कुणी असाच मीटर लावला असेल तर त्यालाही जवळजवळ हेच आकडे दिसत असतील. देशाच्या ग्रिडला जोडलेलं प्रत्येक जनित्र एकाच तालात फिरतं. चंद्रपूरच्या ५०० मेगावॉटच्या सेटचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो. कोयनेच्या जनित्रांचे दांडे खूप सावकाश फिरतात, पण त्यांना चुंबकीय ध्रुव जास्त असल्यामुळे बाहेर पडणारी वीज त्याच पन्नासच्या चालीची. मागणी निर्मितीपेक्षा जास्त झाली की हे सगळे दांडे एकदमच किंचित मंदावतात आणि आकडा पडतो. मागणी कमी झाली की आकडा चढतो. देशाच्या विजेच्या जमाखर्चाची शिल्लक अशी दोन दशांश स्थळांपर्यंत दर क्षणी भिंतीवर दिसत असते.

वीज साठवता येत नाही, असं आपण शाळेत शिकलो. ते पुरतं खरं नाही. या फिरत्या लोखंडात थोडीशी, क्षणभराची वीज कायम साठलेली असते. जात्याचा खुंटा सोडला तरी पाळू आणखी एखादा फेरा मारतेच, तसंच हे. अचानक एखादं मोठं युनिट बंद पडलं की उरलेले सगळे दांडे स्वतःचा वेग थोडा थोडा खर्ची घालून ती तूट भरून काढतात. त्यासाठी कुणी बटण दाबत नाही, कुठून आदेश येत नाही. न्यूटनचा नियम काम करतो आणि तो सेकंदाच्या शंभराव्या भागाचासुद्धा उशीर लावत नाही.

हा साठा केवढा असतो, हे एकदा पाटीवर मांडून बघण्यासारखं आहे. समजा, एका वेळी दीड लाख मेगावॉटचे फिरते सेट चालू आहेत आणि प्रत्येकाच्या दांड्यात सरासरी चार सेकंद पूर्ण क्षमतेने वीज देता येईल एवढी ऊर्जा आहे. मोठ्या सेटांसाठी चार सेकंद हा रास्त आकडा आहे. एकूण सहा लाख मेगावॉट-सेकंद झाले. ऐकायला प्रचंड वाटतं. आता त्याचे वीजबिलातले युनिट करा: सुमारे १ लाख ६७ हजार. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या साडेपाचशे घरांचं एका महिन्याचं बिल! अख्ख्या देशाच्या ग्रिडमागची क्षणाची पुंजी एका मध्यम सोसायटीच्या वापराएवढी. तीही सगळी वापरता येत नाही. काटा ५० वरून ४९.५ पर्यंत घसरू द्यायचा ठरवला तर त्यातले जेमतेम ३,३०० युनिट हाती लागतात.

पण एवढ्याने काम भागतं. याच हिशेबात हजार मेगावॉटचं केंद्र बंद पडलं तर काटा सेकंदाला ०.०४ हर्ट्झ या वेगाने पडायला लागेल, म्हणजे ४९.५ गाठायला बारा सेकंद. बारा सेकंदांत टर्बाइनचा वेग सांभाळणारे गव्हर्नर जागे होतात, वाफेच्या आणि पाण्याच्या झडपा उघडतात आणि घसरण थांबते. आता फिरते सेट निम्मे करा आणि त्यांच्या जागी सौर पॅनेल लावा. मेगावॉट तेवढेच राहतील, बारा सेकंदांचे मात्र सहा होतील.

फिरत्या लोखंडाच्या या साठ्याचं बिल अनेक दशकं कुणी लावलं नाही आणि कुणाला आलंही नाही. जनित्र विकत घेतलं की त्याचं वजन सोबत फुकट यायचं.

●

महाराष्ट्रातल्या पन्नाशीपुढच्या वाचकांना काटा घसरणं म्हणजे काय, हे अनुभवाने ठाऊक आहे. फक्त त्याला ते भारनियमन म्हणत. नव्वदच्या दशकात आपल्याकडचा काटा ४८ ते ५२ च्या मध्ये कुठेही भटकायचा. संध्याकाळी पंखे रेंगाळायचे, ते सगळंच काही कमी दाबामुळे नव्हे. तेव्हा देशात पाच विभागीय ग्रिड होती आणि तुटीतली राज्यं कोट्याहून जास्त वीज बेधडक ओढायची, कारण ओढण्याची किंमतच नव्हती.

यावर जो इलाज निघाला त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. भानू भूषण या अभियंत्याच्या पुढाकाराने जादा ओढलेल्या विजेचा दर थेट काट्याला बांधला गेला. काटा ५०.५ ला पोचला की दर शून्य, ४९ च्या दिशेने उतरेल तसा दर चढत जाणार. भांडायला दिल्लीला जायला नको. भिंतीवरचा आकडा हाच भाव. ही पद्धत देशात सगळ्यात आधी, १ जुलै २००२ ला, आपल्या पश्चिम विभागात लागू झाली आणि काही महिन्यांत काट्याची भटकंती थांबली. आता नियमांनी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ एवढा अरुंद आहे.

त्यानंतर ग्रिड एकमेकांना जोडत गेली. शेवटचा टाका सोलापूरला पडला: ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका तालात आला. मोठ्या ग्रिडचा फायदा सरळ आहे: लोखंड जास्त, म्हणून धक्का सोसायची ताकद जास्त. तोटाही तितकाच सरळ. त्याआधी दीडच वर्षापूर्वी, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, तो सगळ्यांनी भोगला होता. ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. सुरुवात झाली ती बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या लाइनवर. तिथे शॉर्टसर्किट नव्हतंच. लाइनवर भार इतका चढला की संरक्षक रिलेला तो दोषासारखा दिसला आणि त्याने लाइन उघडली. रिलेने नेमून दिलेलं काम चोख केलं, आणि अर्धा देश बंद पडला. एकमेकांना जोडलेल्या ग्रिडांपैकी पश्चिम तेवढं तगलं.

●

ग्वाल्हेरचं नाव आलंच आहे, तर तिथे जन्मलेल्या एका माणसाबद्दल लिहायला हवं. अरुण फडके. खरगपूरच्या आयआयटीतून १९५९ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. तिथल्या एका मोठ्या वीज कंपनीत सत्तरच्या दशकात त्यांच्या गटाने लाइनच्या संरक्षणासाठी संगणकावर चालणारा रिले बनवायला घेतला. संगणक तेव्हा इतके मंद की गणित आटोपशीर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या आटापिट्यातून विजेच्या लहरीची उंची आणि तिचा कोन चटकन मोजायची रीत हाती लागली. रिले मागे पडला आणि ही रीतच मोठी ठरली.

कोन एवढा महत्त्वाचा का? दोन गावांमधल्या लाइनवरून वीज वाहते ती मुख्यतः दोन टोकांच्या लहरींमध्ये कोनाचा फरक असतो म्हणून. फरक वाढत चालला की ग्रिड ताणलं जातंय असं समजायचं. पण चंद्रपूरची लहर आणि पडघ्याची लहर यांच्यातला कोन मोजायचा तर दोन्हीकडची घड्याळं एकच वेळ दाखवायला हवीत, तीही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. एवढ्या चुकीने कोनात ०.०१८ अंशाचा फरक पडतो, तो चालतो. ऐंशीच्या दशकात जीपीएसचे उपग्रह वापरात येऊ लागले आणि आकाशात असं घड्याळ आयतंच टांगलं गेलं. फडके, जेम्स थॉर्प आणि मार्क अ‍ॅडामियाक यांचा निबंध १९८३ चा. व्हर्जिनिया टेकमध्ये पहिलं यंत्र तयार झालं १९८८ साली. त्याला फेझर मेझरमेंट युनिट म्हणतात, आपल्या उपकेंद्रांत नुसतं पीएमयू. फडके आणि थॉर्प यांना २००८ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं.

पीएमयू येण्याआधी नियंत्रण कक्षात ग्रिडचं चित्र काही सेकंदांनी एकदा उमटायचं. पीएमयू सेकंदाला पंचवीस किंवा पन्नास वेळा माहिती पाठवतं. आपल्याकडे २०१० साली उत्तर भारतात चार पीएमयूंनी सुरुवात झाली, आज देशभर हजारावर बसली आहेत, आणि त्यांच्या माहितीतून अर्थ काढणाऱ्या प्रणालींवर पवईच्या आयआयटीतही काम झालं आहे. ग्रिडमध्ये कधी कधी दोन प्रदेशांमधली वीज संथ लयीत मागे-पुढे झुलू लागते. पूर्वी असं झुलणं कुणाच्या नजरेलाच पडत नसे. आता पडद्यावर दिसतं, आणि दिसलं की आवरता येतं.

●

आता सौरऊर्जेकडे वळू. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या, म्हणजे एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. देशाची तोवरची सर्वोच्च मागणी होती ३० मे २०२४ ची, अडीच लाख मेगावॉटची. ढग नसलेल्या दुपारी सौर विजेचा वाटा केवढा असेल, याचा अंदाज यावरून यावा.

पॅनेलमधून येणारी वीज एकदिश असते. तिची पन्नासच्या तालातली वीज इन्व्हर्टर करतो. त्यात फिरणारं काही नाही. असतात सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे सिलिकॉनचे स्विच, आणि ती कधी करायची हे ठरवणारा प्रोग्रॅम. आज बसवलेले बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे चालणारे आहेत. समोर आलेल्या व्होल्टेजचा ताल ओळखायचा, त्याच तालात प्रवाह ढकलायचा आणि ताल बिघडला की बाजूला व्हायचं. आजूबाजूला भरपूर फिरतं लोखंड असेल तोवर हे ठीक चालतं. सगळेच मागे चालणारे झाले की पुढे चालायला कुणी उरत नाही.

दुसरी अडचण वाचकाला कमी ओळखीची असेल. जनित्राच्या जवळ शॉर्टसर्किट झालं तर ते नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओतू शकतं. शंभर वर्षांची सगळी संरक्षण पद्धत या पुरावर उभी आहे. रिले तो पूर ओळखतो आणि दोष कुठे आहे ते सांगतो. इन्व्हर्टरचे स्विच एवढा प्रवाह सोसूच शकत नाहीत. एक-सव्वा पटीला ते हात आखडतात. दोष झालाय की नुसता भार वाढलाय, हे रिलेला कळेनासं होतं. बीना-ग्वाल्हेरला भार दोषासारखा दिसला होता, इथे दोष भारासारखा दिसेल. प्रयोगशाळांमधून या विषयावर सध्या निबंधांचा पाऊस पडतोय.

पण मला जास्त शिकवून गेली ती परदेशातली तीन प्रकरणं. तिन्हींत खलनायक कुठलं यंत्र नाही. सेटिंगच्या कागदावरचा एखादा आकडा आहे.

पहिलं जर्मनीचं. सौरऊर्जा अगदी थोडी होती तेव्हा तिथे नियम केला होता की काटा ५०.२ ला पोचला की छतावरच्या इन्व्हर्टरने सुटायचं. नियम शहाणपणाचा होता. पुढे पॅनेल लाखोंनी बसली, आणि एका आकड्यावर हजारो मेगावॉट एका क्षणात सुटतील अशी सोय आपणच करून ठेवली आहे हे ध्यानात आलं. २०१२ पासून तीन लाखांहून अधिक प्रकल्पांवर माणसं पाठवून हे सेटिंग बदलावं लागलं. आपल्याकडे त्या एप्रिलच्या रात्री काटा ५०.२६ ला जाऊन आला होता. रात्र होती, पॅनेल झोपलेली होती.

दुसरं दक्षिण ऑस्ट्रेलियाचं, २८ सप्टेंबर २०१६. वादळाने मनोरे आडवे केले, दोन मिनिटांत व्होल्टेजला सहा हिसके बसले. पवनचक्क्या पहिले काही हिसके सोसून उभ्या राहिल्या. पण ठरावीक वेळात अमुक हिसके झाले की माघार घ्यायची, असा आकडा त्यांच्या प्रोग्रॅममध्ये होता. नऊ पवन प्रकल्पांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट सोडले, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाइनवर ताण आला, ती सुटली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. चौकशीत उघड झालं की हा आकडा ग्रिड चालवणाऱ्यांना माहीतच नव्हता. त्यांना दिलेल्या संगणकी प्रतिकृतीत तो नव्हता.

तिसरं ब्रिटनचं, ९ ऑगस्ट २०१९, संध्याकाळी चार बावन्न. लाइनवर वीज पडली. ही तिथे नित्याची गोष्ट. पण त्याच सुमारास समुद्रातल्या हॉर्नसी पवन प्रकल्पाच्या व्होल्टेज नियंत्रणाने हेलकावा घेतला आणि ७३७ मेगावॉट गेले, लिटल बारफर्डच्या वायू केंद्राचाही सेट गेला. गावोगावची छोटी निर्मिती केंद्रंही सुटली, कारण काटा सेकंदाला ०.१२५ हर्ट्झपेक्षा वेगाने पडला की सुटायचं, असं त्यांच्या जुन्या रिलेत लिहिलेलं होतं. काटा ४८.८ पर्यंत आला आणि अकरा लाख ग्राहकांची वीज तोडावी लागली. वीज तासाभरात परतली, लंडनच्या उपनगरी गाड्या मात्र रात्रीपर्यंत अडकल्या. काही नव्या गाड्यांचा प्रोग्रॅम ४९ च्या खाली काटा जाताच स्वतःला कुलूप लावून घेत होता, आणि ते कुलूप मोटरमनला उघडता येत नव्हतं. लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ येईपर्यंत प्रवासी डब्यात. पवन प्रकल्प आणि वायू केंद्र चालवणाऱ्या कंपन्यांना प्रत्येकी ४५ लाख पौंड भरावे लागले.

●

मग इन्व्हर्टरलाच पुढे चालायला शिकवायचं. या कल्पनेच्या मुळाशी असलेला एक निबंध १९९३ चा आहे. मुकुल चांदोरकर, दीपक दिवाण आणि रामबाबू अडापा असे तिघे लेखक. चांदोरकर पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा वाटणारा होता: दोन इन्व्हर्टर शेजारी शेजारी, ग्रिड नाही, दोघांमध्ये निरोपाची तारसुद्धा नाही, भार वाटून कसा घ्यायचा? त्यांनी वाफेच्या इंजिनांच्या काळापासून चालत आलेल्या गव्हर्नरचा गुण उचलला. ज्याच्यावर भार जास्त, त्याने आपली फ्रिक्वेन्सी किंचित उतरवायची. दुसऱ्याला ते तारेतूनच जाणवतं आणि तो आपसूक जास्त भार घेतो. ताल हाच निरोप. पुढे जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये इन्व्हर्टरला चक्क जनित्राचं सोंग देणारे प्रोग्रॅम लिहिले गेले. पण तारेविना वाटणीचं गणित बसलं ते या निबंधाच्या वाटेने, आणि आज जगभर ज्याला ‘ग्रिड-फॉर्मिंग’ इन्व्हर्टर म्हणतात, त्याच्या पोटात तेच चालतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, त्याचं जवळून बघण्याजोगं उदाहरण म्हणजे हवाई बेटांतलं काउआई. २१ नोव्हेंबर २०२१ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास तिथलं तेलावरचं सगळ्यात मोठं केंद्र बंद पडलं. त्या क्षणी बेटाची साठ टक्के वीज त्याची होती. बॅटऱ्यांनी तूट झेलली, बेट अंधारात गेलं नाही. पण विजेत सेकंदाला अठरा-वीस झोके अशी एक चमत्कारिक थरथर सुरू झाली आणि काही वेळ टिकली. अभ्यासकांनी माग काढला तेव्हा संशय मागे चालणाऱ्या काही इन्व्हर्टरांवर आला. ते तालाचा पाठलाग करताना एकमेकांनाच हलवत होते. त्यानंतर काही इन्व्हर्टर पुढे चालणाऱ्या पद्धतीवर नेले. पुढच्या तशाच एका बिघाडात ती थरथर चटकन विरून गेली. खोकी तीच होती, आतला प्रोग्रॅम बदलला होता.

म्हणजे विज्ञान तीस वर्षांपूर्वीचं, यंत्र बाजारात मिळणारं. अडतं कुठे? पैशांशी. मागे चालणाऱ्या इन्व्हर्टरला पॅनेलमधली सगळी वीज विकता येते. पुढे चालायचं तर काही क्षमता राखून ठेवायला हवी, पाठीशी बॅटरी हवी, आणि या राखीव क्षणांना भाव नसेल तर कुठला विकासक ते करील? ब्रिटनने जानेवारी २०२० मध्ये जडत्वाला, म्हणजे फिरत्या लोखंडाच्या त्या साठ्याला, पहिल्यांदा भाव दिला: १२.५ गिगावॉट-सेकंदांच्या आसपास साठ्यासाठी सहा वर्षांचे ३२ कोटी ८० लाख पौंडांचे करार. युनिटांत मोजलं तर हा साठा साडेतीन हजार युनिटांच्याही आतला. ऑस्ट्रेलियातल्या हॉर्नसडेलच्या १५० मेगावॉट बॅटरीला २०२२ मध्ये लोखंडाची ही भूमिका वठवायची परवानगी मिळाली. भारतातही बॅटऱ्यांच्या निविदा जोरात आहेत, पण त्यांत भाव लागतो तो संध्याकाळच्या तासांना. सेकंदांचं गिऱ्हाईक अजून उभं राहिलेलं नाही.

●

इथे जडत्वाच्या भक्तांनाही एक चिमटा काढायला हवा. २८ एप्रिल २०२५ च्या दुपारी साडेबाराच्या पुढे स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची सगळीच्या सगळी वीज गेली. पहिल्या दोन दिवसांत जगभर निकाल लागला: सौर जास्त, लोखंड कमी, म्हणून हे झालं. चौकशा पुढे गेल्या तेव्हा वेगळंच दिसलं. काटा आधी पडलाच नव्हता. व्होल्टेज चढत गेलं होतं. ज्यांनी ते आवरायचं त्या केंद्रांनी पुरेसं आवरलं नाही, चढलेल्या व्होल्टेजमुळे एकामागून एक प्रकल्प सुटले, आणि प्रत्येक सुटण्याने ते आणखी चढलं. आणखी लोखंड असतं तर शेवट काही क्षणांनी लांबला असता, एवढंच. तेव्हाच्या स्पॅनिश नियमांत सौर आणि पवन प्रकल्पांना व्होल्टेज धरून ठेवायचं कामच दिलेलं नव्हतं. ते करू शकणारी यंत्रं जागेवर होती. सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी केलं नाही.

आपल्याकडे राजस्थानच्या सौर पट्ट्यात २०२२ पासून हजार मेगावॉटहून जास्त वीज एका झटक्यात गळण्याच्या अनेक घटना झाल्या आहेत. त्यांतही व्होल्टेजचा हिसका आणि तो सोसता न येणं, हेच पुन्हा पुन्हा सापडतं. देशाचं ग्रिड एवढं मोठं आहे म्हणून मुंबई-पुण्यात दिवासुद्धा मिणमिणला नाही.

मुंबईने स्वतःचा धडा १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास घेतला. कळवा-पडघा भागातल्या लाइन गेल्या, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांची जनरेटरं सुरू झाली. असं काही झालं की मुंबईने ग्रिडपासून सुटं होऊन स्वतःच्या केंद्रांवर बेटासारखं चालायचं, ही योजना जुनी आणि नावाजलेली. त्या दिवशी बेट तगलं नाही. बाहेरची वीज स्वस्त, त्यामुळे शहराच्या आतली निर्मिती मर्यादित ठेवण्याकडे कल असतो. आणि बेट धरून ठेवायला शेवटी आतलंच लोखंड लागतं. पुढे, यामागे सायबर हल्ला होता का, या चर्चेत हा साधा मुद्दा वाहून गेला. त्यानंतर शहरात वीज आणणाऱ्या नव्या लाइनना जोर आला, आणि कुडूस ते आरे या १,००० मेगावॉटच्या एकदिश विजेच्या जोडणीलाही. तिची आरेतली बाजू तालाचा पाठलाग न करता ताल धरूही शकते, आणि अंधारातून शहर उभं करायला त्याचा उपयोग आहे.

पण राज्यातला मोठा बदल मुंबईत होत नाहीये. तो ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रांशेजारच्या पडीक जमिनींवर होतोय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य १६,००० मेगावॉटचं आहे, बहुतेक प्रकल्प काही मेगावॉटचे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत दारं धरायला जावं लागणार नाही. या योजनेच्या बाजूने एवढं एकच कारण पुरे आहे, आणि ते मला पूर्ण पटतं. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायचा. प्रत्येक प्रकल्पात डझनावारी इन्व्हर्टर, प्रत्येकात सेटिंगची यादी: किती व्होल्टेजला सुटायचं, काटा किती वेगाने पडला की सुटायचं, सुटल्यावर किती सेकंदांनी परत यायचं. ती यादी कारखान्यातून येते, बहुतेकदा दुसऱ्या देशाच्या ग्रिडसाठी भरलेली. ती जागेवर तपासली का, हे प्रकल्प चालू करतानाच्या कागदांत नोंदलं जायला हवं. प्रोग्रॅमचा गाभा तर कंपन्या दाखवतच नाहीत. नियोजनकाराच्या हाती येते ती बंद फाइल, जिच्यात आकडे घातले की उत्तर बाहेर पडतं आणि मधे काय घडलं ते कळत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात हिसक्यांचा तो आकडा असाच बाहेर राहून गेला होता.

मोठ्या प्रकल्पांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम बरेच कडक झाले आहेत. छोट्यांना कमी जाच, अशी आपली रीत आहे. एकटा असेल तेव्हा तीन मेगावॉटचा प्रकल्प छोटाच. तसे चार-पाच हजार, सगळ्यांत एकच आकडा भरलेला, सगळे मे महिन्याच्या दुपारी पूर्ण भरात, म्हटल्यावर ते चंद्रपूरहून मोठं केंद्र झालं. फरक इतकाच की चंद्रपूरच्या सेटांची संरक्षण सेटिंगं कुणीतरी वर्षातून एकदा काढून बघतं. जर्मनीने ही कसरत केली तेव्हा आकडा तीन लाखांवर गेलेला होता. महाराष्ट्रातल्या उपकेंद्रांशेजारच्या प्रकल्पांची यादी अजून हजारांत मावते.